जुन्या संकरित मोटारीचे दुखणे



‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या कानांवर पहिल्यांदा पडला तो ज्वारीच्या संगतीने. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि पुढे खेड्यापाड्यांतून हायब्रीड म्हणजे ज्वारीच असे समीकरण होऊन बसले. आज मी ज्या संकराविषयी बोलणार आहे तो शेतातला नसून रस्त्यावरचा आहे. एकाच मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोघांचा संसार ज्यात मांडलेला असतो, तिला संकरित मोटार म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी तरुण फर्डिनंड पोर्शे याने पेट्रोल आणि वीज यांचा मेळ घातलेली गाडी बनवली होती. पण हा संसार कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर, सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असा थाटला गेला तो जपानमध्ये, डिसेंबर १९९७ मध्ये, टोयोटाच्या प्रियस गाडीच्या रूपाने.

नव्या गाडीविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. जाहिराती बोलतात, विक्रेते बोलतात, शेजारीही बोलतात. गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, तिसऱ्या धन्याच्या दारात उभी राहिली, की सारे मुके होतात. आणि खरी गरज असते ती त्याच वेळी. कारण तिसरा धनी हा बहुधा हिशेबाने चालणारा माणूस असतो. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो एवढाच, की गाडीवर आणखी पैसे घालावेत की ती भंगारात द्यावी. आजचे विवेचन त्याच्यासाठी आहे.

आपण एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचे गाव आहे. ज्या थोर संशोधकाने आयुष्यातली कित्येक वर्षे विजेच्या गाडीसाठी चांगली बॅटरी शोधण्यात घालवली त्याचेच हे नाव, आणि त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. आज तेथे भारतीय वस्ती दाट आहे, मराठी घरेही आहेत. समजा, अशा एका घरात २०१० सालची, म्हणजे तिसऱ्या पिढीची प्रियस आहे. जुनी घेतलेली, दीड लाख मैल धावलेली. जानेवारीतल्या एका सकाळी गृहस्थ गाडी सुरू करतात. इंजिन लागते आणि सारी गाडी मळणीयंत्रासारखी थडथडू लागते. अर्धा-पाऊण मिनिट हा प्रकार चालतो, मग सगळे शांत. पुढ्यात एक पिवळा दिवा मात्र लागलेला असतो. गृहस्थ कामावर जातात, संध्याकाळी परत येतात. गाडी दिवसभर शहाण्यासारखी वागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता या गृहस्थांना चार जण चार गोष्टी सांगतील, आणि त्यांतले तीन म्हणतील, ‘‘बॅटरी गेली.’’ संकरित गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तिची मोठी बॅटरीच उभी राहते. काही बिघडले की दोष तिच्या माथी. बॅटरी बदलायची म्हणजे मोठी रक्कम. ती खर्चून आल्यावर तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थडथडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. कारण जे थडथडते ते इंजिन असते, आणि संकरित गाडीतले इंजिन हे शेवटी इंजिनच आहे. त्याला हवा लागते, पेट्रोल लागते, ठिणगी लागते, थंडावा लागतो; त्याच्या आतही काजळी धरते. फरक आहे तो इतकाच, की त्याचे दुखणे आपल्या कानावर थेट येत नाही, विजेच्या जोडीदाराच्या तोंडून येते. हे दोन आवाज वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले, असे माझे मत आहे.

यासाठी या जोडप्याची घरातली व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. प्रियसमध्ये क्लच नाही आणि आपल्या ओळखीची गिअरपेटीही नाही. तेथे दातेरी चक्रांचा एक संच आहे, ग्रहमालेसारखा: मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना कवेत घेणारे कडे. सूर्यचक्राला ३० दाते आणि कड्याला ७८. इंजिन जोडलेले असते ग्रहचक्रांच्या सांगाड्याला. सूर्याला एक विद्युत्‌यंत्र. कड्याला दुसरे मोठे विद्युत्‌यंत्र आणि पर्यायाने चाके. इंजिनाचा पीळ या चक्रांत ७८ आणि ३० अशा प्रमाणात वाटला जातो. शंभरातले सुमारे ७२ भाग चाकांकडे जातात आणि २८ भाग पहिल्या यंत्राकडे, वीज करण्यासाठी. ही वाटणी दात्यांच्या संख्येने कायमची ठरून गेलेली आहे. संगणकाच्या हाती असतो तो फक्त वेग.

या व्यवस्थेतून तीन परिणाम निघतात. पहिला म्हणजे या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. पहिले विद्युत्‌यंत्रच इंजिनाला गरगरा फिरवून जागे करते, आणि तेही मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्यांनी. साध्या स्टार्टरच्या हातून याच्या चौथाईइतकाच वेग मिळतो. म्हणून थकलेले इंजिनही येथे चटकन लागते आणि मालकाला त्याच्या थकव्याचा पत्ता लागत नाही. दुसरा परिणाम असा, की सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद होते. साध्या गाडीत आजार कळतो तो अशा वेळी: इंजिन मंद चालत असते, मध्येच ठेचकाळते, हातातले चक्र थरथरते आणि आपण म्हणतो, ‘‘मिसिंग करतेय.’’ संकरित गाडीत तो क्षणच येत नाही. तिसरा परिणाम सर्वांत फसवा. चढावर इंजिन कमी पडले तर विजेची मोटर ती उणीव मुकाट्याने भरून काढते. घरातली कर्ती बाई जशी नवऱ्याचे दुखणे चार दिवस बाहेर कळू देत नाही, तसे. कळते तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

इतके ध्यानात घेऊन आता त्या एडिसनच्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी सुरुवात कोठून करावी?

सुरुवात करावी ती सर्वांत क्षुद्र वस्तूपासून, म्हणजे १२ व्होल्टच्या लहान बॅटरीपासून. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणारी मोठी, २८ खणांची, २०१.६ व्होल्टची. आणि दिवे, संगणक, कुलपे यांच्यासाठी साधी १२ व्होल्टची. प्रियसमध्ये ती मागे सामानाच्या जागेत उजव्या कोपऱ्यात दडलेली असते. ही लहान अशक्त झाली की संगणक गोंधळतात आणि पुढच्या फळीवर दिवाळी केल्यासारखे दिवे लागतात. येथे माझा स्वतःचा मूर्खपणा सांगितलाच पाहिजे. एकदा गाडी नुसती ‘चालू’ करून, म्हणजे ‘रेडी’ अवस्थेत न आणता, मी तासभर आत बसून गाणी ऐकली. नंतर गाडी लागेना, आठ-दहा दिवे एकदम पेटले, आणि मी आता मोठी बॅटरी गेली अशा समजुतीने दोन दिवस शोकात घालवले. शेवटी शेजारच्या मुलाने मल्टीमीटर लावून दाखवले, की लहान बॅटरी अकरा व्होल्टच्याही खाली गेली आहे. तिला चार्जर लावताच सारे दिवे विझले. तेव्हापासून मी प्रथम मीटर हातात घेतो. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या जवळ आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली गेला तर तिची चौकशी केली पाहिजे. गाडी ‘रेडी’ झाल्यावर आकडा १४ च्या आसपास चढला म्हणजे वरून भरणाही ठीक चालला आहे.

लहान बॅटरी निर्दोष ठरली, तर आता पिवळ्या दिव्याला विचारायचे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक नव्या मोटारीत चक्राखाली सोळा टोचण्यांचे एक खोबण असते. त्यात बसणारे लहानसे यंत्र स्वस्तात मिळते आणि मोबाइलवर बोलते. संगणकाने जे पाहिले ते तो सांकेतिक अंकांत सांगतो. येथे आपले दोन साक्षीदार स्पष्ट वेगळे होतात. ‘पी ०ए८०’ असा संकेत आला तर बोट मोठ्या बॅटरीकडे आहे. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ यांपैकी काही आले तर अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा किंवा चौथा सिलिंडर ठिणगी वाया घालवतो आहे; बॅटरीचा यात काही संबंध नाही. आणखी एक कागद संगणक जपून ठेवतो, ज्याकडे घाईचा माणूस पाहत नाही: संकेत नोंदला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती फेऱ्यांवर होते, गाडी उभी होती की धावत होती. आपल्या गृहस्थांना तेथे दिसेल की थडथड नोंदली गेली तेव्हा इंजिन अगदी थंड होते. हा फार मोलाचा पुरावा आहे. तो हाती येण्यापूर्वी संकेत पुसून टाकणे म्हणजे पंचनाम्याआधी जागा सारवून घेण्यासारखे आहे.

समजा, संकेत आला ‘पी ०३०२’. दुसऱ्या सिलिंडरवर संशय. आता दुकानात जाऊन चारही कॉइल आणि चारही प्लग आणण्याची अनावर इच्छा होते. ती आवरावी. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगीची स्वतंत्र कॉइल असते. इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्यावरची कॉइल काढून चौथ्यावर बसवावी, चौथ्यावरची दुसऱ्यावर. पुढच्या सकाळी संकेत बदलून ‘पी ०३०४’ झाला तर चोर कॉइल आहे. एक नवी आणा, काम संपले. संकेत दुसऱ्यावरच चिकटून राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगचीही तीच अदलाबदल करावी आणि काढताना प्रत्येकाचे तोंड पाहावे. या इंजिनातले इरिडियमचे प्लग १,२०,००० मैलांपर्यंत चालावेत अशी योजना आहे, तेव्हा दीड लाख मैलांच्या गाडीत ते कधी बदलले होते हे विचारणे वावगे नाही. पण तीन प्लग कोरडे तपकिरी आणि एकच ओलसर किंवा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ निघाला, तर मात्र पाने खाली ठेवून विचार करण्याची वेळ आली आहे.

विचार असा, की इंजिनाच्या आत पाणी कोठून आले?

इंजिनाच्या ठोकळ्यात आणि वरच्या हेडमध्ये कूलंटच्या वाटा खेळवलेल्या असतात. ठोकळा आणि हेड यांच्या सांध्यात एक पातळ पत्र्याची चकती असते, तिला हेड गॅस्केट म्हणतात. एका बाजूला पेटलेल्या वायूचा प्रचंड दाब, दुसऱ्या बाजूला दाबाखालचे कूलंट, आणि मध्ये ही चकती. ती एखाद्या ठिकाणी किंचित जरी सुटली तरी रात्री गाडी उभी असताना कूलंट थेंबथेंब सिलिंडरमध्ये झिरपते. सकाळी त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती ओल्यात. तो पेट घेत नाही आणि चार पायांच्या जनावराने तिघांवर चालावे तसे इंजिन चालते. अर्ध्या मिनिटात ओल जळून धुराड्यातून बाहेर पडते, पांढरा गोडसर वासाचा धूर दिसतो, आणि दिवसभर काहीच तक्रार नसते. थंडीतली थडथड, थंड इंजिनाची नोंद आणि धुतलेला प्लग या तिन्ही गोष्टी आता एका सूत्रात बसतात.

तरी तर्क तो तर्क. हेड उतरवण्याआधी खात्री पाहिजे आणि ती घरी करता येते. इंजिनाच्या कूलंटच्या टाकीवर कागदी पट्टी चिकटवून पातळीची खूण करावी व पंधरा दिवस पाहावे. खाली जमिनीवर डाग नाही आणि पातळी मात्र बोटभर उतरते, तर ते आतच जाते आहे. प्रियसमध्ये कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि दुसरी विजेच्या इन्व्हर्टरची. रंग एकच गुलाबी, वाटा अगदी वेगळ्या. भलत्याच टाकीकडे पाहून समाधान मानणारे लोक मी पाहिले आहेत. दुसरी परीक्षा दाबाची. थंड इंजिनावर दाबाच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब भरायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी काटा उतरलेला असेल तर प्लग काढून, त्या भोकातून बारीक कॅमेऱ्याची नळी सोडून आत डोकावायचे. आजकाल ही नळीही मोबाइलला जोडता येते. तीन पिस्टन काजळीने काळे आणि चौथा घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत, त्यावर गुलाबी थेंब. हे दृश्य एकदा पाहिले की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.

आणि या पायरीवर उशीर करू नये, यासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. द्रव दाबला जात नाही. रात्रीत झिरपलेले कूलंट थोडे असेल तर गाडी थडथडते. ते जास्त झाले तर पिस्टन वर येताना त्याला भिंत लागते. आणि येथे फिरवणारा हात स्टार्टरचा दुबळा हात नाही, विद्युत्‌यंत्राचा आहे. पिस्टनचा दांडा वाकतो, कधी तुटून ठोकळ्याला भोक पाडतो. मग गॅस्केटचा प्रश्न उरत नाही, इंजिनच बदलावे लागते. जो गृहस्थ पहिल्या आठवड्यात टाकीवर खुणेची पट्टी लावतो आणि जो ‘‘दिवसभर तर नीट चालते’’ म्हणून दोन महिने घालवतो, त्या दोघांच्या खर्चात इतके अंतर पडते. कूलंटमध्ये ओतायच्या, भोके बुजवणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात. त्या गाडी विकून टाकणाराला उपयोगी पडतात. गाडी ठेवणाराने रेडिएटरच्या बारीक नळ्यांचा विचार करून त्यांच्यापासून दूर राहावे.

आता गॅस्केट सुटले का, हा पुढचा प्रश्न. नुसते बदलून भागत नाही. कारण तसेच राहिले तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते. या पिढीच्या १.८ लिटर इंजिनाविषयी जाणत्या मेकॅनिकांचे बोट एकाच जागेकडे जाते, आणि ती जागा आहे ईजीआर.

ईजीआर म्हणजे जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात घेणे. ऐकायला विचित्र वाटते. ओकलेले पुन्हा कशाला खायचे? पण त्यात युक्ती आहे. जळालेला वायू पुन्हा जळत नाही. तो आत गेला की ज्वलनाची धग कमी होते. चुलीत लाकडाबरोबर थोडी राख राहू दिली तर जाळ जसा आटोक्यात राहतो तसे. या इंजिनाची आकुंचनाची पट तेरास एक इतकी चढी आहे. आत येणारा झडपेचा दरवाजा उशिरा मिटवून, १८८० च्या दशकात जेम्स अॅटकिन्सन या इंग्रज इंजिनिअराने मांडलेल्या चक्राचा लाभ येथे घेतलेला आहे. धग वाढू न देणे म्हणूनच फार महत्त्वाचे. तो गरम वायू आधी ईजीआर कूलर नावाच्या एका डब्यातून जातो; डब्यात जाळीसारखे बारीक पापुद्रे असतात आणि त्यांच्याभोवती इंजिनाचेच कूलंट फिरते. मग एका झडपेतून तो आत येणाऱ्या हवेच्या नळकांड्यात, चार बारीक भोकांनी, चार सिलिंडरांपाशी सोडला जातो.

वायू मळका, वाट बारीक आणि वर थंडावा. स्वयंपाकघराच्या धुराड्यात जे होते तेच होणार. काजळी आणि तेलकट वाफ मिळून काळा चिकट थर पापुद्र्यांवर बसत जातो. लाख-दीड लाख मैलांत डबा जवळजवळ बुजतो. चार भोकांतली एक-दोन आधी बुजतात, मग कोणत्या सिलिंडरला थंडावणारा वायू मिळतो, कोणाला मिळत नाही. धग वाढते, तीही विषम. हेडच्या सांध्यावर वर्षानुवर्षे हा ताण पडला तर चकतीने हार मानावी यात नवल नाही. आणि संगणक ‘पी ०४०१’, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा, असे सांगतो खरे, पण बहुतेक वेळा फार उशिरा सांगतो. म्हणून गाडी निरोगी असतानाच हा डबा धुणे हे मी घरगुती दुरुस्तीतले सर्वांत किफायतशीर काम समजतो.

ते काम अवघड नाही, पण अडचणीचे आहे. डबा इंजिनाच्या मागे, वाऱ्याच्या काचेच्या पायथ्याशी बसलेला असतो. वायपरचे हात आणि त्याखालची पन्हळ काढल्याशिवाय तेथे हात पोचत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. डब्यातून कूलंट वाहत असते, तेव्हा ते आधी थोडे उतरवून घ्यावे, नाहीतर अंगणात गुलाबी ओढा होतो. ते गोड असते आणि विषारी असते, कुत्र्या-मांजरांपासून जपावे. नट कोणत्या बोल्टवरून निघाला हे कागदावर लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये. मागचे एक-दोन नट डोळ्यांना दिसतच नाहीत. लांब दांडी आणि मान वळणारा बॉक्स पाना यांच्या साहाय्याने बोटांनीच शोधावे लागतात. येथे माणसाची परीक्षा होते. मुलांना लांब खेळायला पाठवावे.

डबा निघाला की एका तोंडातून पाणी ओतून पाहावे. धो धो वाहिले तर आपण वेळेवर आलो. थेंबथेंब गळले तर इंजिन का तापत होते ते डोळ्यांनी दिसते. चुलीचे तेलकट डाग काढणारा क्षाराचा फवारा, हातमोजे, चष्मा आणि एक रात्र भिजत. मग पाण्याचा जोर. मग पुन्हा तेच, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. झडपही धुवावी, पण तिच्या विजेच्या भागाला पाणी लावू नये. हवेचे नळकांडे उतरवून त्यातली चार भोके तारेने मोकळी करावीत. कित्येक जण डबा लख्ख करतात आणि ही भोके विसरतात. मग सारा वायू मोकळ्या राहिलेल्या एकदोन भोकांनाच मिळतो आणि पूर्वीची विषमता आणखी वाढते. जोडताना नव्या चकत्या घालाव्यात.

हेड उतरवणे मात्र निराळ्या दर्जाचे काम आहे. वेळेच्या साखळीच्या खुणा जुळवणे, हेडची पातळी सरळ पट्टीने तपासणे, वाकले असल्यास फेसिंग मारून आणणे, बोल्ट ठरावीक क्रमाने आणि ठरावीक कोनात आवळणे. यात ज्याने पूर्वी साध्या गाडीचे हेड उतरवले आहे त्याने पडावे. इतरांनी आपला पुरावा, म्हणजे दाबाच्या काट्याची नोंद आणि पिस्टनचे छायाचित्र घेऊन चांगल्या कारागिराकडे जावे. हातात पुरावा असलेल्या गिऱ्हाइकाला ‘‘बॅटरी गेली’’ असे सांगणे कठीण जाते.

कोठे थांबायचे याची दुसरी रेषा रंगानेच आखून दिलेली आहे. बॉनेटखाली जेथे जेथे नारिंगी वेष्टणाच्या जाड तारा दिसतील तेथे हात लावायचा नाही. त्यांतून घरातल्या विजेपेक्षा भयंकर वीज वाहते. तिसऱ्या पिढीत इन्व्हर्टर तिला ६५० व्होल्टपर्यंत चढवू शकतो. मोठ्या बॅटरीवर सेवेसाठी काढायची खिट्टी असते. ती काढल्यावरही आतल्या साठवणीतली वीज उतरायला दहा मिनिटे द्यावी लागतात, आणि मग मीटरने शून्य पाहावे लागते. हजार व्होल्टचे मोजे आणि त्यांचा सराव ज्याच्यापाशी नाही त्याने या दालनात जाऊ नये. इंजिनाच्या दालनात पुष्कळ काम आहे.

त्या दालनातही एक सावधगिरी साध्या गाडीत नसते ती आहे. गाडी ‘रेडी’ असली आणि इंजिन शांत असले म्हणजे ते बंद आहे असे नव्हे. बॅटरी उतरली की ते आपल्या मर्जीने सुरू होईल. म्हणून बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करावी आणि किल्ली घरात, दूर ठेवून यावे. उलट कधी कधी आपल्याला इंजिन सतत चालू हवे असते. त्यासाठी एक गुरुकिल्ली आहे. ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबायचे, मग एका मिनिटाच्या आत ‘पी’मध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, ‘एन’मध्ये दोनदा, पुन्हा ‘पी’मध्ये दोनदा, आणि नंतर ब्रेक दाबून नेहमीप्रमाणे सुरू करायचे. इंजिन लागते आणि लागलेलेच राहते. आता कान लावून मिसिंग ऐका, धूर पाहा, कूलंटमध्ये बुडबुडे येतात का ते पाहा. सिग्नलला हरवलेला तो क्षण अशा रीतीने आपण अंगणात परत मिळवतो.

क्वचित् एखाद्या सकाळी गाडी विमानासारखी गर्जना करू लागली, तर मात्र संकेत वाचण्याची गरज नाही. खाली वाकून पाहावे. धूर शुद्ध करणारा डबा चोरांनी रातोरात कापून नेलेला असतो. त्यात प्लॅटिनमच्या घराण्यातले मौल्यवान धातू असतात आणि अमेरिकेत प्रियसचा डबा चोरांच्या विशेष आवडीचा आहे.

कोणी विचारील, हे सारे न्यू जर्सीचे. पुण्याच्या माणसाला याचे काय? आपल्याकडे प्रियस २०१० मध्ये आली, पण किमतीमुळे ती फारशी कोणाच्या दारी दिसली नाही. २०२२ मध्ये मात्र टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा, होंडाची सिटी आणि पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस अशा पूर्ण संकरित गाड्या येथे विकायला आल्या. त्यांची इंजिने वेगळी आहेत. प्रियसचे अमुक दुखणे त्यांना होईलच असे मी म्हणत नाही. पण त्याही एक दिवस बारा वर्षांच्या होतील आणि नाना पेठेतल्या एखाद्या गॅरेजपुढे उभ्या राहतील. मंगोलियात हे आधीच घडले आहे. जपानमधून आलेल्या जुन्या प्रियसांनी उलानबातरचे रस्ते भरलेले आहेत. हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यात त्या सुरू होतात, ही त्यांची तेथील कीर्ती. आणि त्या चालत्या ठेवणारे कारागीर तेथे गल्लीबोळांत तयार झाले आहेत.

आपल्या गृहस्थांचे एवढे सांगून पुरे करतो. गॅस्केट बदलून झाले, डबा धुऊन झाला, भोके मोकळी झाली. आता कूलंट भरायचे. या इंजिनाला पट्ट्यावर फिरणारा पंप नाही. पंप विजेचा आहे आणि आत हवा अडकली तर तो हवाच घुसळत बसतो. म्हणून भरावे सावकाश, इंजिन वरच्या रीतीने चालू ठेवून, आतला हीटर पूर्ण उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत. मग थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी आणि नवी कागदी पट्टी चिकटवावी. पहिल्या सकाळच्या शांततेवर विसंबू नये. तिसऱ्या सकाळी, गाडी रात्रभर बर्फात उभी राहिल्यानंतर, बायकोला बटण दाबायला सांगून आपण मागे धुराड्यापाशी उभे राहावे, वास घ्यावा, आणि मग पट्टीकडे पाहावे.